शेतकऱ्याचा नवरा

मुलुंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला तीनपैकी एक तरी व्याधी जडतेच : ट्रेकिंग, विपश्यना किंवा शेती. पहिलीचा बंदोबस्त गुडघे करतात. दुसरी दहा दिवसांत उतरते. तिसरी मात्र जुनाट. रोगी वरून धडधाकट दिसतो, पण भाजीवाल्यासमोर उभा राहिला की लक्षणं उघडी पडतात. मेथीची जुडी नाकाशी नेतो, भेंडीचं टोक मोडताना कान देऊन ऐकतो आणि घरी येऊन बायकोला विचारतो, "आपण काय खातोय याची कल्पना आहे का तुला?" बायकोला कल्पना असते, कारण स्वयंपाक तीच करते.

मला हा संसर्ग लोकलच्या खिडकीतून झाला. मध्य रेल्वेच्या रुळांकडेला कुठे कुठे पालकाचे, लाल माठाचे, मुळ्याचे चिंचोळे वाफे दिसायचे. हा पालक नाल्याच्या पाण्यावर वाढतो अशी तक्रार मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या करतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच पालक खातो. मला मात्र त्या वाफ्यांचा हेवा वाटायचा. गाडी सिग्नलला थांबली की डब्यातले लोक मोबाईल बघत, मी निंदणी बघे. चौकशी केली तेव्हा कळलं, की रेल्वे आपली पडीक जमीन भाजीपाल्यासाठी आपल्याच कर्मचाऱ्यांना नाममात्र भाड्याने देत असे. योजनेचं नाव 'ग्रो मोअर फूड'. घोषणा महायुद्धाच्या टंचाईतली, पालक आज सकाळचा. थोडक्यात, मुंबईत शेती करायची तर आधी रेल्वेत लागायला हवं होतं. माझं वय गँगमनच्या भरतीचं राहिलेलं नव्हतं.

मग आरेत जाऊन आलो. दुग्धवसाहत 1949 सालची, पण तिथले आदिवासी पाडे तिच्या कितीतरी आधीचे. पावसाळ्यात त्या पाड्यांवर काकडी-दोडकी पिकते, आणि शेवळं, टाकळा, कंटोळी घेऊन बायका गोरेगाव-बोरिवलीच्या स्टेशनबाहेर बसतात. फवारणी नाही, युरिया नाही, पाकिटावर हिरवं पान छापलेलं नाही. मी एका मावशींना खात्री करून घ्यायला विचारलं, "ऑरगॅनिक आहे का हो?"

"नाय," मावशी म्हणाल्या, "कंटोली हाय."

माझी अपेक्षा फार नव्हती. दहा गुंठे पुरे होते. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. आमच्या इमारतीत एवढ्या जागेत दोन संसार, तीन गॅलऱ्या आणि एक कायमचा वाद मावतो. तेव्हा दहा गुंठे म्हणजे मला साम्राज्यच वाटत होतं. त्यात आठवड्याला पाच-सहा घरांना पुरेल एवढी भाजी काढायची, विषारी औषध एक थेंब नाही, असा बेत. बी-बियाण्यांची यादी केली, हॅट घेतली. उरली फक्त जमीन.

ती कशी घ्यायची हे विचारायला ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न असा केला, की डॉक्टरने रक्तगट विचारावा तसं वाटलं :

"तुम्ही शेतकरी आहात का?"

"नाही, व्हायचंय."

"तसं होता येत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "शेतकरी असावं लागतं."

कूळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियम, 1948, कलम 63. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. बिगरशेतकऱ्याला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कायद्यामागचा हेतू चांगला आहे : कसणाऱ्याच्या हातातली जमीन पैसेवाल्याच्या घशात जाऊ नये. मला तो मनापासून पटला. फक्त त्यातला पैसेवाला मी आहे, हे पचायला वेळ लागला.

"मग परवानगी काढू," मी म्हणालो.

वकीलसाहेबांनी त्यातलंच एक परंतुक वाचून दाखवलं. शेतीसाठी जमीन घेणाऱ्या बिगरशेतकऱ्याचं इतर मार्गांनी मिळणारं वार्षिक उत्पन्न 12,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर परवानगी देता येत नाही. वार्षिक. मी दोनदा विचारून घेतलं. महिन्याला 1,000 रुपये. एवढ्यात आमच्या सोसायटीत स्कूटरही सावलीत उभी राहत नाही. म्हणजे जमीन घ्यायला ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच ती घेता येईल, आणि ज्याच्याकडे आहेत त्याने आधी ते घालवून यावं. पैसे घालवण्याचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग शेती. पण ती करायला जमीन हवी.

माझा चेहरा बघून वकीलसाहेबांनी धीर दिला. माझ्यापेक्षा सर्वार्थाने उंच अशा एका नटाच्या शेतकरीपणाचीही चौकशी बाराबंकीपासून मावळापर्यंत झाली होती, 2007च्या सुमाराची वर्तमानपत्रं काढून बघा, म्हणाले. मोठ्या माणसाच्या पंगतीत बसल्याचा थोडा आनंद झाला, पण त्यावर वांगी येत नाहीत.

"वडिलोपार्जित काही?" त्यांनी विचारलं.

होतं. वडील संगमेश्वराकडून मुलुंडला आले, एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात लागले आणि भावांनी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करून मोकळे झाले. मोबदला : दर वर्षी एक पेटी आंबा. पहिल्या वर्षी पेटी आली. दुसऱ्या वर्षी तिच्यात अर्धे रायवळ निघाले. तिसऱ्या वर्षी पत्र आलं, की यंदा मोहोर जळला. तो मोहोर अजून जळतोच आहे. मी महाभूलेखवर जाऊन त्या जमिनीचा सातबारा काढला. खातेदारांची बैठक बोलवायची तर कालिदास नाट्यमंदिर घ्यावं लागेल, एवढी नावं. वारलेल्यांची आहेत, दुबईला गेलेल्यांची आहेत, एका नावाचा माणूस कोण हे घरात कुणालाच सांगता येत नाही. माझं मात्र नाही. आणि खाली बारा नंबरात, पिकाच्या रकान्यात, त्या एवढ्या मोठ्या शेतकरी समाजाने मिळून काय पिकवलं होतं? गवत.

हे सगळं मी रात्री जेवताना तावातावाने सांगत होतो. ही शांतपणे वरणभात कालवत होती. मग म्हणाली, "माझं नाव आहे."

"कशावर?"

"सातबाऱ्यावर. ओतूरला. नाना गेल्यावर वारसनोंद झाली ना, तेव्हा भावांबरोबर माझंही लागलं."

हिचं माहेर जुन्नर तालुक्यात. ही अंधेरीला बँकेत. आयुष्यात हिने एकच झाड जोपासलं, बँकेतल्या टेबलावरचा मनीप्लांट, आणि दोन वर्षं इमानाने पाणी घातल्यावर तो प्लॅस्टिकचा असल्याचं उघड झालं. अशी ही कायद्याने शेतकरी. आणि मी, फुकुओकाचं 'एका काडातून क्रांती' दोनदा वाचलेला, गांडुळांना हातात घेणारा, घराच्या बाल्कनीत वांग्याची सात फळं काढून दाखवलेला, मी कोणी नाही. एवढ्यावर भागलं नाही. पुढे सरकारने शेतकऱ्यांना ओळख क्रमांक द्यायला सुरुवात केली. धाकट्या मेव्हण्याचा फोन आला, "ताई, ओटीपी आला असेल, सांग." जी बाई दिवसभर काउंटरवर बसून लोकांना बजावते, की ओटीपी देवालासुद्धा सांगू नका, तिने तो सांगितला. आणि अंधेरी पूर्वेत, वातानुकूलित शाखेत, टोकन नंबर पुकारता पुकारता ती आधारशी जोडलेली प्रमाणित शेतकरी झाली.

मग ठरलं. खरेदी हिच्या नावावर, आणि मी सोबत. कुठल्याही कार्यालयात गेलो की टेबलामागचा माणूस माझ्या हॅटकडे बघून विचारायचा, "शेतकरी आपण का?" मी हिच्याकडे बोट दाखवायचो. ही पर्समधून हँड सॅनिटायझर काढत असायची.

"आणि आपण?"

"मी शेतकऱ्याचा नवरा."

कर्जत-नेरळकडे जे एजंट भेटले ते सगळे एकाच गुरुकुलातले असावेत. जमीन कशी आहे हे कुणी सांगत नाही. ती कशाला लागून आहे ते सांगतात. रोड टच, रिव्हर टच, एक तर धुक्याच्या दिवशी 'माथेरान टच'. स्टेशनपासूनचं अंतर मिनिटांत सांगतात आणि ती मिनिटं कुठल्या घड्याळाची हे सांगत नाहीत. एकाने आम्हाला डोंगरउतारावर नेलं, हात पसरले आणि म्हणाला, "साहेब, इथे इन्फिनिटी पूल बसतो."

"माती कशी आहे?" मी विचारलं.

"मातीचं टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "सगळी काढून टाकू. पेव्हर ब्लॉक बसवून देतो."

दुसऱ्याने पाच गुंठ्यांचे तुकडे दाखवले. हिने बँकेच्या सवयीने लगेच विचारलं, तुकडेबंदीचं काय? 1947चा कायदा आहे, आणि 2023मध्ये सरकारने बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. एजंट हसला. "मॅडम, एक एकर आहे ना, आठ जण मिळून सामायिक घ्या. आपापसात कुंपण घाला. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं." माझ्या डोळ्यांसमोर कालिदास नाट्यमंदिर उभं राहिलं. आम्ही तिथून निघालो.

एक जागा फार आवडली होती. काळीभोर माती, बांधावर करंज, खाली ओढा. तिचा मालक ठाकर होता आणि विकायलाही तयार होता, म्हणजे असं एजंटचं म्हणणं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, जमीन महसूल संहितेत तसं कलम आहे, 36अ. एजंटने त्यावरही एक 'मार्ग' सुचवला. तो मार्ग मी इथे लिहीत नाही. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांचे बंगले वाटेत दिसतातच. हे कलम आहे म्हणून बरं, नाही तर एव्हाना मुंबईच्या सोसायट्यांनी कसारा घाटापर्यंत पार्किंगचे पट्टे आखले असते.

शहापूरला मात्र मला खरा धडा मिळाला. मे महिना होता. जमीन चांगली, भाव झेपणारा, कागद साफ. विहिरीत डोकावलो तर तळाशी एक बेडूक, आणि तोही स्थलांतराच्या विचारात. रस्त्यावर टँकरभोवती हंड्यांची रांग. पावसाळ्यात इथे एवढा पाऊस कोसळतो, मग पाणी जातं कुठे, असं मी पारावरच्या एका म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"ऱ्हायला कुठं?"

"मुलुंडला."

"मंग तुमाला म्हाईत पायजे."

खरंच होतं. तानसा याच तालुक्यातलं, 1892 सालचं. मोडकसागर इथलं, भातसा इथलं. पाणी इथून निघतं, आमच्या शेजारच्या भांडुप संकुलात शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळांना येतं. माझ्या बाल्कनीतली सात वांगी शहापूरच्या पाण्यावर पोसली गेली होती. म्हातारबाबांनी तंबाखू मळता मळता सल्ला दिला, "पानी पायजे ना शेतीला? मंग मुलुंडलाच करा."

तेही करून पाहिलं. मुंबईत गच्चीवरच्या शेतीला मोठी परंपरा आहे. पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळंभाज्यांची बाग उभी केली. त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता : शेतीला आधी ऊन, पालापाचोळा आणि डोळस माणूस लागतो. आमच्या गच्चीवर ऊन भरपूर. पालापाचोळा समोरच्या गुलमोहराचा. डोळस माणसाची खात्री सोसायटीच्या सेक्रेटरींना नव्हती. "भाजी लावा हो," ते म्हणाले, "पण लीकेज झालं तर?" उपनगरातल्या सहकारी गृहनिर्माणाचा सगळा इतिहास या एका प्रश्नावर उभा आहे. तरी मी एक ड्रम वर नेलाच, जीवामृताचा.

नैसर्गिक शेतीवाल्या पाळेकर गुरुजींच्या पद्धतीत जीवामृताचं एकरी माप असं : 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी दहावा हिस्सा करायचं ठरवलं. गूळ-बेसन घरातून गेलं; हिने विचारलं, "भजी केली असती तर नसतं चाललं?" बांध नव्हता म्हणून माती राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीबाहेरची घेतली. अडलं ते शेणाशी. मुंबईत तबेल्यांत म्हशी, आणि पाहिजे देशी गाय. शेवटी देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बाईंकडे गेलो. भाविक पैसे देतात, बाई गवताची पेंढी देतात, गाय खाते, पुण्य भाविकाला. मी म्हणालो, मला पुण्य नको, शेण हवंय. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पेंढीच्या दुप्पट भाव सांगितला. आत जाताना जे स्वस्त असतं ते बाहेर येताना महाग होतं, हे अर्थशास्त्र मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी जीवामृत उत्तम आंबलं. चौथ्या दिवशी नोटीस बोर्डावर सूचना लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं, पण 'काही सभासद' हे अनेकवचन इमारतीत कुणालाही फसवू शकलं नाही.

मग विकत घेण्याचा नाद सोडून जमीन खंडाने घ्यावी असं ठरलं, आणि मुरबाडजवळ आबा भेटले. आबांच्या विहिरीला मेअखेरही पाणी, आणि विहिरीलगत दहा गुंठे मोकळे. बोलणी चहा थंड व्हायच्या आत झाली. मी खिशातून कराराचा मसुदा काढला तसे आबा खाटेवरून उठून बसले.

"कागद नको."

"अहो, साधा अकरा महिन्यांचा..."

"तोंडी दिली. कागुद केला का कूळ लागतो."

1 एप्रिल 1957. कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारी कुळं कायद्याने मालक व्हायला निघाली. महाराष्ट्रातला तो फार मोठा न्यायाचा दिवस, यात शंका नाही. पण ज्याची गेली त्याच्या घरात ती तारीख कॅलेंडरवर छापावी लागत नाही. आबांच्या आजोबांची चार एकर तेव्हा गेली होती. मी त्यांची दहा गुंठे बळकावीन, अशी भीती आबांना वाटत होती. माझ्या हॅटकडे बघून कुणाला भीती वाटल्याची ही पहिलीच वेळ. जमीन विकत घेताना जो तो माझ्याकडे कागद मागत होता. खंडाने घेताना कागद दिसला की समोरचा पळत होता.

कागद नाही म्हटल्यावर सेंद्रिय प्रमाणपत्राचाही प्रश्न मिटला. हंगामी पिकांना रूपांतराचा काळच दोन वर्षांचा, आणि प्रमाणित करणारे पहिल्यांदा विचारतात ते जमिनीच्या कागदांबद्दल. माझ्या हातात आबांचा शब्द. आबांच्या अटी होत्या त्या अशा : निम्मी भाजी त्यांची, तो वास मारणारा पिंप विहिरीपासून लांब, आणि काय कधी लावायचं ते आबा ठरवणार. मी काय ठरवायचं, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही या ना."

मी जातो. कल्याणहून एसटी, मग शेअर रिक्षा, मग चालत. रविवारी संध्याकाळी भाजी घेऊन परततो. पहिल्या खेपेची वांगी मजल्यामजल्यावर वाटली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वांगं उलटं केलं, भोक दाखवलं आणि "कीड आहे हो" म्हणून परत केलं. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी सगळी वांगी तपासली, एकालाही भोक सापडलं नाही, आणि संशयाने विचारलं, "कीड नाही? मग ऑरगॅनिक कशावरून?" आता मी काकूंची परत आलेली वांगी प्राध्यापकांना देतो आणि प्राध्यापकांची काकूंना. ग्राहक तुटलेला नाही.

गेल्या भाऊबिजेला आम्ही ओतूरला गेलो होतो. ओवाळणं झालं, फराळ झाला. थोरल्या मेव्हण्याने ताटात पाकीट ठेवलं आणि पाकिटाखालून एक छापील कागद हळूच पुढे सरकवला. स्टँपपेपर होता. "ताई, तुला तिकडे काही कमी नाही. पोरांच्या कर्जाला बँक सगळ्यांच्या सह्या मागते. एवढं हक्कसोड करून दिलंस तर..." वर म्हणाला, "दर वर्षी कांद्याचं एक पोतं घरपोच."

माझ्या हातातली चकली मोडली. संगमेश्वरचा मोहोर डोळ्यांपुढून गेला. मी बोलणार तोच हिने चष्मा लावला, बँकेत लावते तसा, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून भावाला परत दिला आणि म्हणाली, "दादा, कर्जाला सही देईन. हक्क नाही सोडता यायचा मला."

"का गं?"

"माझ्यावर एक भूमिहीन अवलंबून आहे."

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी चकली घेतली.